ढग दुर्मीळ, की नोंद?

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. दख्खनमधली माणसे, पिके, पक्षी, मासे, जमिनीचे प्रकार हे सारे पाहून आणि मोजून लिहून ठेवण्याचे काम मुंबई सरकारने त्याच्याकडे दिले होते, आणि १८२० नंतरची त्याची बरीच वर्षे पुणे व आसपासच्या मुलखात गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये १८३५ साली त्याचा दख्खनच्या हवामानावरचा दीर्घ निबंध छापला गेला. हवेच्या दाबाची रोजची चढउतार हा त्या निबंधाचा मुख्य विषय. पण त्यातच हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर पाहिलेल्या एका दृश्याचे वर्णन येते. कोकणातून चढत आलेले धुके कड्याच्या काठाला भिडले होते, सूर्य पाठीशी आणि क्षितिजालगत होता, आणि समोरच्या धुक्यावर रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले होते. वर्तुळाच्या मधोमध साइक्सची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. त्या आकृती आपल्याच आहेत हे बरोबरच्या माणसांना पटेना. मग त्यांनी हात हलवले, पाय उचलले, निरनिराळ्या तऱ्हांनी उभे राहून पाहिले, आणि समोरच्या आकृतीही तसेच करतात याची खात्री करून घेतली. निबंध साइक्सच्या नावावर आहे. पण त्या सकाळी कड्यावर झालेला प्रयोग या माणसांचा होता, असे मला वाटते. शंका घेतली, एक गोष्ट बदलली, दुसरी बदलते का ते पाहिले. पद्धत याहून वेगळी नसते.

या दृश्याला आज गिर्यारोहक इंद्रवज्र म्हणतात, आणि कोकणकड्यावरच्या बहुतेक लेखांत एक वाक्य ठरलेले असते: १८३५ साली कर्नल साइक्सला इथे इंद्रवज्र दिसले. साइक्स तर १८३१ मध्येच मायदेशी परतला होता. १८३५ हे छपाईचे वर्ष आहे, दर्शनाचे नव्हे. चूक तशी किरकोळ. पण जवळजवळ दोनशे वर्षांत ती टिकून राहिली, याचे कारण विचार करण्यासारखे आहे. मधल्या काळात त्या कड्यावर गुराखी गेले, यात्रेकरू गेले, गेल्या पन्नास वर्षांत तर शेकड्यांनी ट्रेकर गेले. अनेकांनी ते वर्तुळ पाहिले असणार. तरीही उदाहरण द्यायचे झाले की आपण पुन्हा साइक्सकडेच जातो, कारण सूर्य कुठे होता, धुके कुठवर आले होते, सावल्या कशा पडल्या होत्या हे त्याने लिहून ठेवले. या प्रस्तावनेत मला एवढेच मांडायचे आहे की असामान्य ढगांच्या बाबतीत आपण ज्याला दुर्मीळ म्हणतो, ते पुष्कळदा आकाशात दुर्मीळ नसते. दुर्मीळ असते ती योग्य वेळी योग्य दिशेला वळलेली नजर, आणि त्याहून दुर्मीळ त्या नजरेने मागे ठेवलेली नोंद. खरोखर क्वचित घडणारे प्रकार आहेतच. पण ते कोणते, हे सांगायलाही आधी नोंदच हाती असावी लागते.

इंद्रवज्राचेच पाहा. जमिनीवरून ते दिसायला कडा हवा, खाली धुके हवे, पाठीमागे कलता सूर्य हवा. म्हणून ते विरळा. पावसाळ्यात पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीशी बसले, तर ढगांच्या पाठीवर विमानाची सावली आणि तिच्याभोवती तेच रंगीत वर्तुळ दिसण्याची शक्यता चांगली असते. सारख्या आकाराचे बारीक जलबिंदू प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत फेकतात, एवढी अट पुरी झाली की ते उमटते. वातावरण ही अट रोज कुठे ना कुठे पुरी करत असते. कमी पडते ती पाहणाऱ्याची जागा. खळ्याची गोष्ट थोडी निराळी. चंद्राला खळे पडले की पाऊस जवळ आला, असे खेड्यापाड्यांतून म्हणतात, म्हणजे खळे सर्वांच्या ओळखीचे आहे. पण २४ मे २०२१ रोजी बंगळुरूवर भर दुपारी सूर्याला खळे पडले तेव्हा देशभर त्याची छायाचित्रे फिरली आणि कधी न घडलेले काही घडल्यासारखी चर्चा झाली. सात-आठ किलोमीटरच्या वर विरळ हिमस्फटिकांचा पडदा असतो, त्या षट्कोनी स्फटिकांतून प्रकाश वळतो आणि सूर्याभोवती २२ अंशांवर कडे उमटते. असा पडदा पुण्यावरही वर्षातून पुष्कळदा येतो. भर दुपारी सूर्याच्या दिशेला कोणी मान वर करत नाही, आणि डोळ्यांच्या दृष्टीने ते बरेही आहे. म्हणून चंद्राचे खळे नेहमीचे ठरले आणि सूर्याचे नवलाचे. इथे जागेचीही अडचण नाही. अडचण सवयीची आहे.

ढगांना नावे देण्याची शास्त्रीय रीत तशी अलीकडची. ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध व्यावसायिकाने १८०२ साली एका व्याख्यानात ढगांची सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस अशी लॅटिन वर्गवारी मांडली. १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघ-नकाशासंग्रह निघाला आणि पुढे त्यात दहा मुख्य कुळे स्थिरावली. या संग्रहाची ताजी आवृत्ती २३ मार्च २०१७ रोजी, जागतिक हवामान दिनी, प्रसिद्ध झाली. तिच्यात आलेल्या नव्या नावांपैकी अ‍ॅस्पेरिटास सर्वांत गाजले. ढगाचा खालचा पृष्ठभाग खवळलेला, लाटांवर लाटा उलट्या टांगल्यासारखा, बघताना वादळाची भीती वाटावी असा; आणि वादळ मात्र बहुधा येत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काढलेले एक छायाचित्र ब्रिटनमधल्या ‘क्लाउड अप्रिसिएशन सोसायटी’ या हौशी मंडळींच्या संस्थेकडे आले. तशीच इतर देशांतून येत गेली आणि संस्थेचे संस्थापक गॅव्हिन प्रेटर-पिनी यांनी या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळावे असा आग्रह धरला. पण नाव पदरात पडले ते आग्रहामुळे नव्हे. रीडिंग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी, ज्यांची जागा आणि वेळ नक्की ठाऊक होती अशी छायाचित्रे वेगळी काढली, त्या त्या वेळच्या वातावरणाच्या स्थितीशी ती पडताळली, आणि स्थिर थरांतून जाणाऱ्या लाटांशी या ढगाचा संबंध दाखवला. जागा-वेळ नसलेली चित्रे कितीही सुंदर असली तरी या कामी निरुपयोगी ठरली. हा ढग २००६ आधीही होताच. माणसांनी तो पाहिलाही असेल. शास्त्रात तो दाखल झाला, तो तारखेनिशी.

आता पुण्याकडे वळू. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव चिकटले ते चिकटलेच. १९६२ मध्ये इथेच उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. आता ती पाषाणला आहे. देशाच्या आकाशाचा हिशेब ज्या शहरात ठेवला जातो त्याचे स्वतःचे आकाशही तितकेच अभ्यासण्याजोगे आहे, याचे भान शहराला फारसे नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. अरबी समुद्र पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. जुलैत नैऋत्य मोसमी वारा या भिंतीवर आदळून वर चढतो, ताम्हिणी-लोणावळ्याला हजारो मिलिमीटर पाऊस टाकतो आणि पुण्याकडे उतरताना कोरडा होत येतो. ही झाली खालच्या थरांची गोष्ट. साधारण सहा-सात किलोमीटरच्या वर पावसाळ्यात वारा बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर तर पूर्वेकडून येणारा वेगवान वातप्रवाह असतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पर्वतीवरून किंवा वेताळ टेकडीवरून उघडीप साधून पाहिले, तर खालचे करडे ढग सोलापूरच्या दिशेने धावताना आणि त्यांच्या फटींतून दिसणारे पांढरे तंतुमेघ संथपणे मुंबईकडे सरकताना दिसतात. एकाच आकाशात दोन विरुद्ध दिशा. वातावरणाच्या पाठ्यपुस्तकातले एक अख्खे प्रकरण असे डोक्यावरून जात असते. पण छत्री उघडी असते.

या भिंतीमुळे घडणारा दुसरा प्रकार पर्वतलाटांचा. वाहती हवा डोंगर ओलांडते, तेव्हा पलीकडे उतरल्यावर ती लगेच शांत होत नाही. वातावरण स्थिर असेल तर वरखाली होत पुढे जाते. लाटेच्या माथ्याशी हवा थंड होऊन ढग बनतो, उताराशी विरतो. परिणामी वारा जोरात वाहत असूनही ढग एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो, आणि त्याचा आकार भिंगासारखा, कडा घोटून काढल्यासारख्या नितळ. पुण्यातल्या संस्थेत आर. पी. सरकार या हवामानशास्त्रज्ञांनी १९६०नंतरच्या दशकात पश्चिम घाटावरच्या या लाटांचे आणि डोंगरामुळे पडणाऱ्या पावसाचे गणित मांडले. ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकात १९६६ साली आलेला त्यांचा निबंध मुंबई-पुणे हा छेद घेऊनच लिहिलेला आहे. सर्वाधिक पाऊस घाटमाथ्याच्या थोडा अलीकडे, पश्चिम उतारावर का पडतो, हे त्यातून कळते. मात्र लाटा असल्या म्हणजे भिंगाकृती ढग दिसतीलच असे नाही. हवेत नेमक्या थरात नेमका ओलावा लागतो, आणि भर पावसाळ्यात उंचावर वारा उलटा फिरत असल्याने लाटांना फार वर चढता येत नाही. शिवाय खालच्या ढगांच्या दाटीत त्या दिसणार कशा? हिमालयाच्या किंवा आल्प्सच्या पायथ्याशी नित्याचे असलेले हे ढग पुण्यात खरोखर क्वचित दिसतात. म्हणजे कोणता ढग विरळा हे ढगाच्या जातीवरून ठरत नाही. त्या गावची जमीन, वारा आणि ऋतू मिळून ते ठरवतात.

याच्या उलट टोकाला वळवाचे ढग. एप्रिल-मेमध्ये पुण्याची जमीन तापते, दुपार टळताना समुद्राकडचा दमट वारा घाट ओलांडून आत शिरतो, त्याची पठारावरच्या कोरड्या हवेशी गाठ पडते, आणि तासा-दीड तासात ढग पंधरा किलोमीटर उंचीला जाऊन भिडतो. तिथे वर चढायला वाव उरत नाही, म्हणून त्याचा माथा आडवा पसरून ऐरणीसारखा होतो. या पसरलेल्या माथ्याच्या खालच्या अंगाला कधीकधी गोलसर फुगवटे लोंबू लागतात. शास्त्रीय नाव ममाटस. समाजमाध्यमांवर पुण्याच्या दुर्मीळ ढगांची म्हणून जी चित्रे फिरतात, त्यांत यांचा वाटा मोठा. या चित्रांची वेळ पाहिली तर ती बहुधा सूर्यास्ताच्या आगेमागे असते, आणि याला कारण आहे. वळीव दुपारनंतर येतो, बरसून पुढे सरकतो, पश्चिमेचे क्षितिज मोकळे होते आणि मावळतीची तिरपी किरणे ढगाच्या पोटाखाली शिरून एकेका फुगवट्याला उजेड आणि सावली देतात. तेच फुगवटे दुपारी तीन वाजता करड्या छतासारखे सपाट भासतील, रात्री नऊ वाजता दिसणारच नाहीत. शिवाय साडेसहाला माणसे कचेऱ्यांतून बाहेर पडलेली असतात, पाऊस थांबलेला असतो, हातात फोन असतो. तेव्हा ममाटसची जी ‘वारंवारता’ आपल्याला जाणवते, तिच्यात ढगांचा भाग किती, सूर्याच्या कोनाचा किती आणि पुणेकरांच्या वेळापत्रकाचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्यांना विरळा म्हणण्यात अर्थ नाही. वळवाचाच आणखी एक सोबती म्हणजे पुढे धावणारा कमानीसारखा ढग. पावसाबरोबर खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पुढे घुसते, समोरची उबदार हवा उचलते आणि त्या कडेवर क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी पायरी तयार होते. जुलै २०२३ मध्ये हरिद्वारवर असा ढग आला आणि देशभर पाहिला गेला.

विमानतळ असलेल्या शहराला एक वेगळा अपवाद बघायला मिळू शकतो. मध्यम उंचीवरच्या ढगांच्या पातळ थरात अचानक मोठे गोल किंवा लांबट छिद्र पडते आणि छिद्राच्या मध्यातून धूसर तंतू खाली लोंबतात. २०१७च्या संग्रहात त्याचे नाव कॅव्हम. असे छिद्र दिसले की उडत्या तबकड्यांपर्यंत तर्क जातात, पण उलगडा साधा आणि सुंदर आहे. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब शून्य अंशाला गोठतातच असे नाही. उणे पंधरा, उणे वीस अंशांपर्यंत ते द्रवच राहू शकतात. आपल्या अक्षांशावर शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते, त्यामुळे सहा-सात किलोमीटरवरच्या थरात असे अतिशीत थेंब सहज सापडतात. लोहगावहून किंवा मुंबईहून चढणारे विमान त्यातून गेले की पंखांवरून जाताना हवा प्रसरण पावून एकदम थंड होते, काही थेंब गोठतात, आणि मग त्या हिमकणांकडे आसपासच्या थेंबांची वाफ ओढली जाते. थेंब विरतात, हिमकण वाढून खाली पडू लागतात, छिद्र रुंदावत जाते. विमान केव्हाच निघून गेलेले असते. म्हणून पाहणाऱ्याला कारण दिसत नाही, फक्त परिणाम दिसतो. १९४६ मध्ये व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून कोरडा बर्फ टाकून ढगात मुद्दाम हेच घडवले आणि तिथून कृत्रिम पावसाचे युग सुरू झाले. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पुण्यातल्या संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातले अकरा पावसाळे पुण्याच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ढगांवर मीठ फवारून पाहिले, आणि अलीकडे सोलापूर परिसरात अधिक काटेकोर प्रयोग केले. मात्र मिठाची रीत उष्ण ढगांसाठी, थेंब मोठे करण्याची. बर्फाची रीत थंड ढगांसाठी. दोहोंत गल्लत करणाऱ्या बातम्या दर दुष्काळात वाचायला मिळतात. कॅव्हमचे एक नीट टिपलेले छायाचित्र ही दुसरी रीत कोणत्याही आकृतीपेक्षा लवकर समजावते.

सगळेच इथे दिसते असे मात्र नाही, आणि तेही स्पष्ट सांगायला हवे. रात्री चमकणारे निळसर ढग ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, ध्रुवाकडच्या प्रदेशांत होतात. पुण्याहून ते पाहिल्याचा दावा कोणी केला तर आधी छायाचित्राचे मूळ शोधावे. शिंपल्यासारखे रंग असलेले स्थितांबरातले ढगही तसेच; त्यांना लागणारी थंडी ध्रुवीय हिवाळ्याची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचा शेकडो किलोमीटर लांबीचा गुंडाळी ढग तिथल्या समुद्रवाऱ्यांच्या टकरीतून जन्मतो. दुसऱ्या बाजूला, ढग नसलेल्या गोष्टीही ढगांच्या नावाखाली येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडी भागात नदीवर गरगरणारे काळे खांब उभे राहिल्याची चित्रफीत देशभर गाजली. तो झंझावात नव्हता, कीटकांचे थवे होते. जलपर्णीने भरलेल्या नदीने आपल्या परीने मेघनिर्मिती केली, इतकेच. ‘ढगफुटी’ हे तर बेहिशेबी वापराचे ठळक उदाहरण. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात शंभर मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तर ती ढगफुटी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन माणसे दगावली, तेव्हा हा शब्द सर्रास वापरला गेला. ओढ्याची रुंदी, त्यावरची बांधकामे, भिंती यांचा प्रश्न त्यामुळे आकाशावर ढकलायला सोपा झाला. आकाशातला अपवाद नीट ओळखता आला नाही की जमिनीवरचा नेहमीचा दोषही झाकला जातो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सारे बघ्यांचे कौतुक आहे. पाऊस किती आणि केव्हा याच्याशी असल्या आकृतींचा संबंध नाही. अर्धा आक्षेप मान्य. ममाटस पाहून उद्याचा पाऊस सांगता येत नाही, आणि अ‍ॅस्पेरिटासला घाबरण्याचे कारण नाही. पण कमानीच्या ढगाबाबत हे लागू होत नाही. तो दिसला की सोसाट्याचा वारा काही मिनिटांवर असतो. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळ्यात अवकाळी वादळात होर्डिंग कोसळले आणि त्याच्या आडोशाला थांबलेल्यांपैकी पाच जण मेले. त्या दिवशी आकाशात काय होते याबद्दल मी काही सुचवत नाही. पण पावसाआधी वारा येतो आणि तो कोणत्या आकाराच्या ढगाखालून येतो हे शाळेत शिकवण्याइतके उपयोगाचे ज्ञान आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी. आणि उपयोगाची व्याख्या जरा लांबवली तर पुन्हा इंद्रवज्राकडे यावे लागते. सप्टेंबर १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत सी. टी. आर. विल्सन हा तरुण काही दिवस काम करत होता. साइक्सने पाहिले होते तसेच रंगीत वर्तुळ त्याने तिथे ढगांवर पाहिले आणि प्रयोगशाळेत कृत्रिम ढग करून ते पुन्हा उमटवायचा खटाटोप सुरू केला. रंग बाजूला राहिले. त्याच्या पेटीतले ढग अदृश्य कणांच्या वाटा दाखवू लागले. या मेघपेटीसाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले आणि १९३२ मध्ये तशाच पेटीत पॉझिट्रॉन सापडला. दोघांनी सारखेच दृश्य पाहिले. दख्खनमध्ये ते वर्णनापाशी थांबले. यात साइक्सचा दोष नाही, त्याच्या काळी पुढचे प्रश्न विचारण्याची साधने नव्हती. पण दुर्मीळ दृश्याला निरुपयोगी म्हणण्याआधी ही गोष्ट आठवलेली बरी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपग्रह आणि रडार असताना माणसाच्या डोळ्याची गरज काय? ३६ हजार किलोमीटरवरून पाहणाऱ्या आपल्या इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांना दृश्य प्रकाशात एक किलोमीटरचा, तर अवरक्त किरणांत चार किलोमीटरचा तपशील कळतो. ममाटसचा एकेक फुगवटा एक ते तीन किलोमीटरचा, आणि तोही ढगाच्या पोटाशी. उपग्रहाला दिसते पाठ. रडार पावसाचे कण मोजते. मांढरदेवला बसवलेली संशोधनाची रडारे किंवा महाबळेश्वरला २०१२ पासून चालणारी मेघभौतिकी प्रयोगशाळा यांचे काम अनमोल आहे, पण आकाशाचा आकार नोंदवणे हे त्यांचे काम नव्हे. राहिला वेधशाळेतला निरीक्षक. त्याच्या सांकेतिक भाषेत खालचे, मधले आणि वरचे ढग असे तीन थर, प्रत्येक थरात नऊ प्रकार. सत्तावीस घरांच्या या पाटावर रोजचे आकाश उत्तम बसते. फुगवटे, छिद्रे, उलट्या लाटा यांना घर नाही. निरीक्षकाने शेरा लिहिला तर लिहिला. त्यातही स्वयंचलित केंद्रे वाढत आहेत आणि ती तापमान, वारा, पाऊस अचूक सांगतात. ढगाचे रूप त्यांना विचारता येत नाही. यंत्रे वाढली तशी आकाशाच्या रूपाची नोंद वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ती आक्रसत चालली आहे. ही पोकळी भरायला हौशी माणसाचा फोन पुरतो, मात्र चित्रासोबत वेळ, जागा आणि दिशा असली पाहिजे.

छायाचित्रांवर भरवसा किती ठेवायचा, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा टोकदार झाला आहे. रंग भडक करता येतात, जुने चित्र नवे म्हणून फिरवता येते, आणि नसलेला ढग संगणकाकडून रेखाटून घेता येतो. त्यावरचा उपाय एकट्या चित्रात नाही, अनेक चित्रांत आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर आकाशातून जळत गेलेल्या रेषा लोकांनी टिपल्या. वेगवेगळ्या गावांतल्या त्या चित्रफिती आणि चंद्रपूर जिल्ह्यात सापडलेले अवशेष जुळवल्यावर तो चिनी रॉकेटचा परतीचा प्रवास होता हे उमगले. खोटे एका कोनातून रचणे सोपे. कोथरूड, हडपसर आणि तळेगाव अशा तीन ठिकाणांहून, एकाच मिनिटाला, परस्परांशी जुळणारे रचणे अवघड. कारण सांगितल्याने गंमत जाते, ही आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते. तिच्यात मला तथ्य वाटत नाही. कड्यावर हातपाय हलवून पाहणाऱ्या माणसांची गंमत शंका फिटल्यावर कमी झाली असेल असे मानायला आधार नाही.

शेवटचा आक्षेप खरे तर दावा आहे: हवामान बदलले, असले ढग पूर्वी नव्हते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, आकाशात दिसणाऱ्या गंधर्वनगरावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्याच्या रंगांवरून आणि दिशांवरून शुभाशुभ सांगितलेले. तेव्हा आकाशातल्या विचित्र आकृती नव्या नाहीत, एवढे नक्की. पण त्या वाढल्या आहेत का, हा प्रश्न वेगळा आणि रास्त आहे. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, तेव्हा वळवाचे ढग अधिक जोमदार होतील अशी अपेक्षा चुकीची नाही. तरी फोन वाढले म्हणून चित्रे वाढली की ढग वाढले म्हणून, हे आजच्या चित्रांवरून सांगता येणार नाही. एकूण ढगाळपणाबाबत असा पेच नाही, कारण निरीक्षकांनी दशकानुदशके आकाशाचे आठ भाग करून त्यांपैकी किती झाकले ते लिहिले. रूपांबाबत तशी मालिका आज सुरू केली तर तिच्याकडून काय मिळेल, याचे एक उदाहरण ममाटसचेच घेता येईल. ते का बनतात यावर अजून एकमत नाही. पसरलेल्या माथ्यातून गळणारे हिमकण खालच्या कोरड्या हवेत विरतात, तिथली हवा गार होऊन बुडू लागते आणि फुगवटे तयार होतात, हे एक स्पष्टीकरण. प्रारणाने ढगाच्या तळाशी होणारी उष्णतेची उलाढाल हे दुसरे. पहिले बरोबर असेल तर पुण्यात एप्रिल-मेच्या वळवात, जेव्हा माथ्याखालची हवा बरीच कोरडी असते, ममाटस अधिक दिसायला हवेत आणि मोसमी वाऱ्यांच्या परतीच्या काळातल्या दमट हवेतल्या गडगडाटी ढगांखाली कमी. दोन्ही मोसमांत पुण्यावर असे ढग येतात, आणि दोन्ही मोसमांत सूर्यास्त बहुधा पावसाच्या वेळेनंतर होतो. काही वर्षांची, दोनेकशे चित्रे, प्रत्येकावर मिनिट आणि दिशा, आणि ज्या संध्याकाळी वळीव येऊनही फुगवटे दिसले नाहीत त्या संध्याकाळींचीही तितकीच प्रामाणिक नोंद, एवढ्यावर ही तुलना करता येईल.